साहेब, तुम्ही कडेला उभे राहा

रत्नागिरीच्या पोस्टात नोकरी करणाऱ्या शैलजाताई कुडतरकर हौसेपोटी एक वेबसाइट चालवतात आणि स्वतः वापरलेल्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक लेन्सबद्दल खरं तेच लिहितात. एका नव्या लेन्सबद्दल त्यांनी लिहिलं, "ग्रुप फोटोत मधली माणसं झकास येतात, कडेची पुसट."

झालं. पुण्यातल्या कॅमेरा प्रदर्शनात ती लेन्स बनवणाऱ्या कंपनीचे मालक सरपोतदार यांनी भर सभेत माइक हातात घेतला. "पोस्टातल्या बाईंना कॅमेरा धरता येत नाही. लिहिलेलं आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल."

मी ताईंच्या शेजारी बसलो होतो.

ताई शांतपणे उठल्या. "काढते. पण आधी तुमच्याच लेन्सने, तुमच्याच फोटोग्राफरला आपला सगळ्यांचा एक फोटो काढू द्या. मी मध्ये उभी राहते, तुम्ही अगदी कडेला."

सरपोतदार हसत हसत रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि रोजच्या सवयीने हात हलवला.

"साहेब, तिकडे नको, मध्ये या. कडेला चेहरा धुरकट येतो, मग तुम्हीच माझ्यावर ओरडता."

सरपोतदार रांगेतून बाहेर निघाले.

ताई म्हणाल्या, "आता नोटिसा दोन पाठवा, साहेब. एक या दादांना, एक मला. माझ्या नोटिशीवर मी स्वतः पोस्टाचा शिक्का मारून घेईन."