धोंडाईचा खांदा

डोंगरात गाडीरस्ता यायच्या फार आधी कुसरखिंड गावात धोंडाई राहायची. तिच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती, म्हणून हिचं नाव दगडावरून ठेवलं. दगडाला दृष्ट लागत नाही. पण असं म्हणतात, की तिने नाव नुसतं मिरवलं नाही. ती एकदा जागेवर बसली, की देवाच्या बापालाही हलवता यायची नाही.

त्या काळी खिंडीत एक रीत होती. तान्हं मूल प्यायलेलं दूध टाकू लागलं, अंग ताणून रडू लागलं, की लोक म्हणायचे, पोटात वारं शिरलं. मग गोमा भगत यायचा. चुलीत विळ्याचं टोक लाल करायचा आणि बाळाच्या पोटावर टेकवायचा. गोमा दुष्ट नव्हता. बापाने त्याला हेच शिकवलं होतं, आणि डाग देताना त्याचेही डोळे वाहायचे असं म्हणतात. पोर वाचलं, की सगळे म्हणायचे, डागाने वाचलं. मेलं, तर म्हणायचे, डाग उशिरा पडला.

धोंडाईचं पहिलं पोर असंच गेलं. डाग चिघळला, ताप चढला, आणि संपलं. त्यानंतर तिला कुणी रडताना पाहिलं नाही. ती फक्त बघत बसायची. ज्या घरात पाळणा, तिथे धोंडाई. कोणतं पोर कधी ओकतं, ओकून झाल्यावर कसं दिसतं, सगळं बघायची. तिला दिसलं, की पोर दुधाबरोबर हवाही गिळतं. पिऊन झाल्या झाल्या त्याला आडवं टाकलं, की ती हवा वर येताना दूधही घेऊन येते. उभं धरलं, तर हवा एकटीच निघून जाते.

मग बायडाच्या पोराची पाळी आली. बायडा पहिलटकरीण. पोर दर पाजण्याला दूध टाकायचं. सासूने गोमाला बोलावलं, चूल पेटली. धोंडाई आत आली, तिने पोर उचलून खांद्यावर घेतलं आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

"धोंडे, उठ तिथनं," सासू म्हणाली. "पोर ओकतंय, दिसत न्हाई व्हय?"

"ओकतंय. पण बाळसं धरतंय, दुपटी भिजवतंय, हसतंय. मग दुखणं हाय कुणाला? त्याला का तुमाला?"

"रीत हाय ही गावाची!"

"मग माझ्यापासनं सुरू करा," धोंडाई म्हणाली आणि तिने लाल विळा गोमाच्या हातातून पात्याकडून ओढून घेतला. कुणी म्हणतं तिचा तळवा भाजला, कुणी म्हणतं विळाच गार पडला. पण तिने तो सोडला नाही, एवढं मात्र सगळे सांगतात.

सारा गाव अंगणात जमला. बायडाने तिथेच, सासूच्या देखत, पोराला थोडंसं पाजलं आणि धोंडाईने ते पुन्हा खांद्यावर उभं धरलं. पाठीवर हलका हात फिरवत राहिली. लोक बघत राहिले. हसणारे हसायचे थांबले. शेवटी पोराने ढेकर दिला. असं म्हणतात, की त्या ढेकराने उंबराच्या झाडावरचे कावळे उडाले आणि समोरच्या डोंगराने त्याला उलटा ढेकर दिला. दूध मात्र थेंबभरही आलं नाही.

त्या दिवसापासून बाया पोरं घेऊन धोंडाईकडे येऊ लागल्या. तीही त्यांच्या घरी जायची, आणि जिथे जायची तिथे डागासाठी पेटवलेली चूल विझायची.

पुढे गोमाच्याच नातवाला उलट्या सुरू झाल्या. गोमाने स्वतः त्याला आणून धोंडाईपुढे ठेवलं. तिने बघितलं. पोट फुगून टणक झालं होतं, आणि उलटी दुधाची नव्हती, हिरवीगार होती.

"हे खांद्याचं काम न्हाई," ती म्हणाली. "खाली शहरातल्या दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हरली धोंडाई! आणा विळा!"

"हरली तर हरली," ती गरजली. "खांदा हरला म्हणून विळा जिंकत न्हाई!"

पोराची आई आणि धोंडाई घाट उतरू लागल्या. वाट अडवायला माणसं उभी राहिली, तेव्हा त्यांना बाजूला सारायला पुढे झाला तो गोमा. असं म्हणतात, की त्या दिवशी घाटाने आपली वळणं आवरून घेतली आणि वाट दोरीसारखी सरळ झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट उघडून आतड्याला पडलेला पीळ सोडवला. पोर जगलं. गोमाने मग कुणाला डाग दिला नाही.

धोंडाई कधी गेली, हे कुणाला नीट सांगता येत नाही. खिंडीत तिचं देऊळ नाही. पण बारशाला आधी बाळाला पाजतात आणि जमलेल्यांच्या खांद्यांवरून फिरवतात. बापाच्या, आजोबांच्या, पाहुण्यांच्यासुद्धा. ढेकर आल्याशिवाय कानात नाव सांगत नाहीत, मग जेवणं खोळंबली तरी चालतं. आणि कुठल्या घरात तान्ह्याला हिरवी उलटी झाली, तर हातातलं काम टाकून जो जवळ असेल तो बाळाला आणि आईला घेऊन घाट उतरायला लागतो. सासू-सासऱ्यांना, पाटलाला, देवाला, कुणालाही विचारायला थांबत नाही.