दगडावरचं मोरपीस

फार जुनी गोष्ट आहे, बरं का. किती जुनी ते मलाही माहीत नाही, पण तेव्हा प्राणी बोलायचे. आणि नुसते बोलायचे नाहीत, चक्क सभा भरवायचे!

एका जंगलाभोवती करवंदीच्या जाळ्यांचं दाट कुंपण होतं. मधोमध एक सपाट दगड. काही ठरवायचं असलं की सगळे तिथे जमायचे, दगडावर उभं राहून बोलायचे आणि शेवटी एकेक खडा टाकून कौल द्यायचे. ज्या बाजूला खडे जास्त, तसं करायचं. सोप्पं!

नियम एकच. बोलणारा दगडावरून उतरत नाही तोवर कुणी खडा टाकायचा नाही. हा नियम कुणी मागून घेतला होता माहितीये? एका सशिणीने. कारण आधी रानडुकरं नुसती गुरगुरायची आणि लहानांचं बोलणं घशातच राहायचं. चांगलाच नियम होता, खोटं कशाला बोलू.

त्या सशिणीची नात कुंपणाला लागूनच राहायची. एका उन्हाळ्यात तिच्या घराशेजारीच कुंपणाला खिंडार पडलं. बाहेर रानकुत्रे फिरत होते आणि तिची तीन पिल्लं अजून नीट पळायलाही शिकली नव्हती. तिने सभेत सांगितलं, काटेरी फांद्या आणून तेवढं खिंडार बुजवू या. सगळ्यांनी लगेच खडे उचलले.

सगळ्यांनी, म्हणजे मोर सोडून. त्याला त्या खिंडारातून पलीकडच्या बाजरीच्या शेतात जायला बरं पडायचं. उडून गेलं की पिसारा विसकटायचा ना!

तो दगडावर चढला आणि सुरू झाला. ढगांबद्दल बोलला, पणजोबांबद्दल बोलला, मग पिसाऱ्यावरचे डोळे मोजून दाखवले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तीन दिवस! पाय लटपटले, घसा बसला, पण पठ्ठ्या उतरला नाही. चौथ्या दिवशी भुकेले सगळे आपापल्या वाटेला लागले.

पुढच्या सभेत सशिणीने पुन्हा विषय काढला. या वेळी मोर दगडावर चढलाच नाही. सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्या कासवाला तो म्हणाला, "आजोबा, मी बोलणार तर आहेच. उगाच सगळ्यांना उपाशी कशाला बसवू? हे पीस ठेवतो. पीस आहे तोवर या विषयावर मी बोलतोय असं धरा."

आणि सांगू? सगळ्यांना हायसं वाटलं. समजूतदार आहे हो मोर, असंही कुणीतरी म्हणालं.

मग काय, बघून बघून सगळेच शिकले. नको असलेला विषय आला की साळिंदर काटा ठेवून जायचं, माकड शेपटीचे केस.

शेवटी माकडच सशिणीला म्हणालं, "ताई, हा नियमच काढून टाकू या का? तू विषय काढ, मी खडा टाकतो."

सशिणीने दगडाकडे पाहिलं. हरणांना ओढ्याकाठचं कोवळं गवत आपल्या पाडसांसाठी राखून हवं होतं, तेव्हा तिनेही स्वतःचे चार केस दगडावर ठेवले होते. गेल्याच सभेत.

"नको रे," ती म्हणाली. "आपण लहान. उद्या आपल्यालाच लागेल."

दोन दिवसांनी भर दुपारी रानकुत्रे आत आले. त्याच खिंडारातून. मोर फडफडत उडाला आणि पार पलीकडच्या डोंगरावर गेला, तो परत आलाच नाही. सशीण ओढ्यावरून धावत घरी आली, तर घरात कुणीच नव्हतं. तिन्ही पिल्लं नव्हती.

संध्याकाळी सगळे दगडाजवळ जमले. प्रत्येकाच्या हातात खडा होता.

"आता तरी टाका," सशीण म्हणाली.

कासवाने दगडाकडे पाहिलं. पीस तिथेच होतं, वाऱ्याने जरासं हलत.

"पोरी," ते हळूच म्हणालं, "मोर अजून बोलतोय."

एकेकाने खडा खाली ठेवला आणि घरची वाट धरली. खिंडार तसंच राहिलं.

म्हणून सांगतो: बोलायचा हक्क प्रत्येकाला द्यावा, पण सगळ्यांचा निर्णय कुणा एकाच्या बोलण्याला टांगून ठेवू नये.