धुरपाबाईची ओटी

फार वर्षांपूर्वी वारणेकाठच्या आडोलीत मल्लाप्पा हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराघराची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. सुगी सरली की तो बैलावर बसून यायचा, दारोदारी पिढ्या म्हणून दाखवायचा आणि सूपभर जोंधळे घेऊन पुढं जायचा. धनी वंशावळीत खोटं बोलला तर त्याचा बैल खाली बसेल, असं म्हणतात. तशी वेळ मात्र कधी आली नव्हती.

एका वर्षी पटकीची साथ आली. माळावर उतरलेलं वाटसरूंचं एक कुटुंब तिच्यात गेलं आणि मागं तान्हं पोर राहिलं. अंजिरा ही येसू नलवडेची मूलबाळ नसलेली विधवा. तिनं ते ओटीत घेतलं. झालं, भावकी बिथरली! आडोलीत सगळे नलवडेच. थोरला दीर गणूजी म्हणाला, "येसूचा वंश बुडाला, असं मल्लाप्पाच्या तोंडून वदवून घेऊ. मग पोराला गावाभाईर सोडू."

मल्लाप्पा आला. अंजिरा पोराला पदराखाली घट्ट धरून उभी होती. मल्लाप्पाला दया आली, पण त्यालाही पोट होतं, आणि गावचे जोंधळे गणूजीच्या शब्दावर होते. त्यानं मान खाली घातली नि म्हणाला, "येसूमागं कुणी न्हाई. हितं वंश खुंटला."

बैल मटकन खाली बसला.

तीन दिवस उठला नाही. कडब्याला तोंड लावलं नाही की पाण्याला. चौथ्या दिवशी मल्लाप्पा त्याच्या गळ्यात पडून रडला. "खोटं बोललो रं बाबा!" मग उठून त्यानं भर चावडीपुढं पिढ्या म्हणायला घेतल्या. येसूचा बाप, त्याचा बाप, असं चढत तो नवव्या पिढीला मूळपुरुष बहिर्जीपाशी पोचला. दरवर्षी तिथं तो थांबायचा.

"आनि बहिर्जी कुनाचा?" त्यानं विचारलं.

नऊ पिढ्या मिशांना पीळ देत बहिर्जीचं नाव सांगणाऱ्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं.

"दानं देनाऱ्याचं मूळ उकरू नगंस, असं माझा बा सांगून गेला. पर आता ऐका. महापूर वसरला तवा धुरपा नावाच्या एकल्या बाईला गाळात पोर घावलं. तिनं ते ओटीत घेतलं. त्योच बहिर्जी. तुमी समदी तिच्या पोटची न्हाई, ओटीतली. ह्या पोराला काढायचं, तर आदी तुमी निघा!"

बैल उठला. चालत अंजिरापाशी गेला आणि त्यानं पोराची टाळू चाटली, असं म्हणतात. गणूजी पुढं येऊन पोराकडं वाकला. मग हळूच म्हणाला, "अंजिरा, नाव काय ठिवायचं ह्याचं?"

अजूनही आडोलीत बारशाला आई मूल थेट पाळण्यात घालत नाही. ते आधी गावातल्या बायकांच्या ओट्यांतून फिरतं, आणि पुढचीच्या ओटीत देताना प्रत्येक बाई म्हणते, "धुरपाबाईनं दिलं." अनाथ पोरं आडोलीत आणून सोडायची चाल त्यानंतरच पडली म्हणे. परगावचा एखादा आगाऊ पाहुणा विचारतोच, यातली पोटची कुठली नि आणलेली कुठली?

बायका पोरांकडं बघतात, आठवून बघतात, आणि त्यांना खरंच सांगता येत नाही.