दगडासारखा भराव

रस्ता चौपदरी करायचा म्हणून ओढ्याकाठी पुरुषभर उंच भराव घालायचा होता. मातीचा एक थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलरने दाबायचा, मगच दुसरा थर, ही मुकादम हौसाबाईंची रीत. ठेकेदार जामदारसाहेबांना मात्र भारी घाई. बाई दोन दिवस माहेरच्या जत्रेला गेल्या, तेवढ्यात साहेबांनी सगळी माती एकदम ओतून घेतली आणि पाणी न मारताच वरून एकदा रोलर फिरवला.

खडी-डांबराचं काम सुरू करायच्या दिवशी पूजा मांडली. हौसाबाई म्हणाल्या, "साहेब, पहिल्या पावसात इथं एसटी रुतंल."

"मावशी, भराव दगडासारखा झालाय. मला शिकवू नका," म्हणत साहेबांनी नारळ उचलला आणि फोडायला दगड शोधू लागले.

"दगड कशाला, साहेब? भरावावरच फोडा की."

सगळे बघत होते. साहेबांनी नारळ जोरात आपटला. तो धप्पकन शेंडीपर्यंत मातीत गेला.

हौसाबाईंनी तो उपसला, पदराने पुसला आणि साहेबांच्या हातात दिला. "जपून ठेवा. ज्या दिवशी हितं फुटंल, त्या दिवशी डांबर घालू."