झाकणाला पाडलेले भोक

एकदा एका इंजिन बांधणाऱ्या गृहस्थाने मनाशी पक्के केले, की यापुढे आपल्या गाडीतून तेलाचा एक थेंबही बाहेर पडू द्यायचा नाही. त्याचे नाव बसवंत. कोल्हापुरात त्याचे गॅरेज होते. शर्यतीची गाडी तो बांधायचा आणि ती चालवायचा त्याचा धाकटा भाऊ, मल्लू.

या निश्चयामागे अपमान होता. मागच्या शर्यतीत त्यांच्या गाडीने ट्रॅकवर तेल सांडले. पंचांनी निशाण दाखवून गाडी बाहेर घेतली आणि बजावले, पुन्हा थेंब दिसला तर वर्षभर इकडे फिरकायचे नाही. तेवढ्यावर भागले असते तर बरे. पण मल्लूने हेल्मेट काढले आणि चारचौघांत म्हणाला, "अण्णाच्या हातात आता काय राहिलं न्हाई." ज्याला बोट धरून शाळेत पोचवले, त्याचे हे शब्द! त्यानंतर सहा आठवडे बसवंत भावाशी कामापुरतेच बोलत होता, "जेवलास का?" एवढेही विचारत नव्हता. लोक म्हणत, काय शांत माणूस आहे हो! कसला शांत? आतल्या आत नुसता धुमसत होता.

इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर जावी म्हणून एक नळी असते. पूर्वी ती इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडलेली होती. तेव्हा इंजिन आपलीच वाफ गिळून निळा धूर ओकायचे. म्हणून बसवंताने ती नळी खाली मोकळी सोडली, आणि तिच्यातूनच ट्रॅकवर तेल सांडले. आता त्याने नळीच काढून टाकली. इंजिनावरच्या झाकणाला तिच्यासाठी असलेले भोक वेल्डिंगने बुजवले आणि ते झाकण तीन दिवस घासून लखलखीत केले. गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवला, तर सकाळी तो कोराच्या कोरा.

पुढच्या शर्यतीला दोन दिवस उरले, तेव्हा त्याने मोठ्या उमेदीने आपल्या गुरूंना बोलावले. दस्तगीर वस्ताद ऐंशीला टेकलेले. बसवंताला पहिला पान्हा धरायला त्यांनीच शिकवले होते. त्यांनी वाकून कोरा कागद पाहिला, झाकणावरून बोट फिरवले.

"झाक झालंय," ते म्हणाले. "आता पान्हा दे."

त्यांनी एकेक करून बोल्ट काढले, झाकण उचलून अंगणात नेले आणि ड्रिल लावले. तीन दिवसांच्या मेहनतीच्या मधोमध त्यांनी अंगठा जाईल एवढे भोक पाडले!

"राग आला?" वस्तादांनी विचारले.

"न्हाई, वस्ताद."

"जरासुदीक न्हाई?"

"न्हाई."

वस्तादांनी मान हलवली. झाकण धुऊन परत बसवले, भोकाला एक जाड नळी जोडली आणि इंजिन सुरू केले. "नळीच्या तोंडावर तळवा ठेव. घट्ट दाब," असे सांगून त्यांनी हातानेच रेस दिली.

बसवंताच्या तळव्याला ऊन, ओलसर धक्का बसला. त्याने जोर लावला. तेवढ्यात तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकली आणि फट्कन बाहेर उडाली. तिच्यामागून उडालेले थेंब धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर पडले, चर्र झाले आणि धूर उठला. बसवंताने घाबरून हात काढला. नळीतून सुस्कारा बाहेर पडला.

वस्तादांनी इंजिन बंद केले. "बसू, इंजिन कितीबी झकास बांध, आत जाळ झाला की थोडा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली उतरतोच. त्यात बांधणाऱ्याचा दोष न्हाई. ट्रॅकवर तर इंजिन जीव खाऊन पळतंय, तिथं तो लई साठतो. तू आधी तो इंजिनालाच पाजलास. मग दुसऱ्याच्या वाटंवर सोडलास. आणि आता तोंडच बंद केलंस. मग तो जिथं कच्चं सापडंल तिथनं फुटणार. परवा गाडीत कोण बसणार हाय?"

"मल्लू," बसवंत म्हणाला, आणि त्याने धुरकटलेल्या नळकांड्याकडे पाहिले.

वस्तादांनी पिशवीतून एक डबा काढला. आत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबलेल्या, वर हवेला मोकळी वाट, खाली छोटी तोटी. "वाफ हितं निवती. तेल खाली बसतंय, हवा वरनं जाती. पण डबा लावून काम संपत न्हाई. गाडी आली की आपल्या हातानं उघडायचा, किती साठलं बघायचं. न्हाईतर एक दिवस तोबी भरून सांडतोय." नळी डब्याला जोडत ते हळूच म्हणाले, "भोक पाडताना तुला राग आला हुता. मला न्हाई म्हणालास, त्याचं काय न्हाई. त्या दिवशीचं मल्लूचं बोलणं माझ्याबी कानावर आलंय. त्याला अजून किती दिवस 'राग न्हाई' म्हणणार?"

बसवंताने पान्हा उचलला आणि डबा गाडीला घट्ट बसवला.

शर्यतीत मल्लू पाचवा आला. ट्रॅक कोरडा राहिला. बसवंताने तोटी उघडली, तर कपभर तपकिरी, उग्र वासाचे पाणचट तेल निघाले.

"एवढं आपल्या इंजिनातनं?" मल्लूने विचारले.

"चांगल्या इंजिनातनंबी निघतंय." बसवंताने तोटी बंद केली. "मल्लू, त्या दिवशी तू माझ्या हातावरनं बोललास. मला लई लागलं रे."

मल्लूने खाली पाहिले. तो हेल्मेटचा पट्टा चाळवू लागला. "अण्णा, त्या दिवशी आपलंच तेल माझ्या मागच्या चाकाखाली आलं हुतं. गाडी गरागरा फिरली. वाटलं, संपलं सगळं. लई भ्यालो हुतो मी. भ्यालो म्हणायची लाज वाटली, म्हणून तसं बोललो."

सहा आठवडे हे दोन्ही भावांच्या पोटात होते. बसवंताला वस्तादांनी पाडलेले भोक आठवले आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने फडक्याला हात पुसले, भावाच्या पाठीवर ठेवले.

"जेवलास का?" त्याने विचारले.