धुराचा बुरूज

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, वाडीच्या टोकाला, धुराचा बुरूज उभा आहे. हल्ली त्याच्या माथ्यावर सागरी पोलिसांचा दिवा असतो आणि पायथ्याशी मच्छीमार जाळी वाळत घालतात. सुट्टीत येणारे पाहुणे आधी तोफ कुठे आहे ते विचारतात. तोफ इथे कधी नव्हतीच. गावाची सगळी मदार होती ती ओल्या गवताच्या धुरावर.

त्या काळी चाचे माणसं धरून नेऊन गुलाम म्हणून विकत. ते दिसले की बुरजावर धूर करायचा आणि धूर पाहून होड्यांनी खाडीत न शिरता माघारी समुद्रात वळायचं, असा रिवाज होता. गावच्या गलबताने बुरजासमोर शीड अर्धं उतरवायचं, म्हणजे पहारेकऱ्याला ओळख पटे. हा पहारा म्हणे भिवा सारंगाकडे होता.

आश्विनातल्या एका दुपारी अचानक वारा फिरला. आभाळ काळवंडलं आणि होड्या जीव मुठीत धरून परत निघाल्या. भिवाचा एकुलता एक मुलगा बाबलो त्यांतच होता. तेवढ्यात टेकाडाआडून एक अनोळखी गलबत पुढे आलं. त्याचं शीड तांबडं होतं, आणि ते काही उतरेना.

भिवाची बायको धावत वर आली. "अवो, धूर करू नकात! आपलो झिल बाबलो भायर आसा, वारो बघितलात मा?"

"आत इलो तर साखळीत जातलो," भिवा म्हणाला. "आनि एकटो नाय जावचो, सगळी वाडी जातली."

त्याने विस्तवावर गवत टाकलं. सगळ्यांत आधी बाबलोची होडी वळली, असं सांगतात. बापाच्या धुरावर त्याचा तेवढा विश्वास होता.

गलबत आत आलं, तर त्यावर गावचाच नाखवा! जुनं शीड फाटलं म्हणून त्याने परमुलखातून नवं घेतलं होतं, आणि वादळाच्या धांदलीत ते उतरवायचं राहून गेलं. भिवाने अनवाणी पायांनी आग तुडवून विझवली. होड्या तोवर दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांतली एकही परत आली नाही.

नाखव्याने भिवाचे पाय धरले. भिवाने त्याला एका शब्दानेही दुखावलं नाही. पण पुढे मरेपर्यंत तो रोज बुरजावर चढून, समुद्रात गेलेल्यांना नावानं हाका मारत राहिला.

आजही वाडीची बोट बुरजाखाली येऊन इंजिन बंद करते. तांडेल आपलं नाव ओरडून सांगतो आणि वरून पहाऱ्यावरचं वाडीतलं कुणी "ये रे" म्हणेपर्यंत आत शिरत नाही. खिशात मोबाइल असला तरी हे चुकत नाही. सगळ्या बोटी किनाऱ्याला लागल्या तरी वरचा माणूस लगेच खाली उतरत नाही. रिकाम्या समुद्राकडे तोंड करून तो "बाबल्या, ये रे" अशी हाक घालतो, आणि उत्तर येईल म्हणून जरा वेळ थांबतो.