नाच माझा, फट त्यांची

करंजाच्या ढोलीत एक पोळं होतं आणि समोरच्या चिंचेच्या ढोलीत दुसरं, तेव्हाची ही गोष्ट. करंजावरची गुंजा माशी चिंचेवर कामाला आली. नाचून फुलांची वाट सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आल्या दिवशीच चिंचेवरच्या राणीनं फर्मावलं, "नाच! करंजावरचा मध कुठल्या फटीतून पळवता येईल, ते दाखव."

गुंजा भडकली. "फुलं शोधून आणते, रोज नाचते. नाच माझा आहे. ती फट त्यांची आहे, ती मी दाखवणार नाही."

"मग तुला घेतलं कशाला? पूजा करायला?"

"तेच विचारते मी! तुम्हाला कामाची माशी हवी होती की घरभेदी? घरभेदी हवी असेल, तर दुसरी बघा!"

"हाकला हिला!" राणी किंचाळली.

गुंजा ताडकन उडून गेली. तेव्हा दारातली म्हातारी पहारेकरीण म्हणाली, "राणीसाहेब, परवाच आपली मंजुळा करंजावर कामाला गेली. आपल्या सगळ्या फटी तिला ठाऊक आहेत. ती या गुंजासारखीच निघावी, म्हणून आता नवस बोला."